मनाला लावून घेणाऱ्याचा ताप

ज्यांचा ताप महिनोन् महिने उतरत नाही त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. आणि ज्यांना लहानपणापासून "एवढं काय मनाला लावून घेतोस रे" असं ऐकावं लागलंय, त्यांच्यासाठीही. मी दोन्हींत मोडतो. आता बरा आहे, भाकरी गोड लागते, जिना चढताना कंबर ओरडत नाही. तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी जनावरांचा डॉक्टर. लोक ढोराचा डॉक्टर म्हणतात आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. गाव उदगीर. घर लिंगायत दुकानदाराचं, गळ्यात लिंग, तोंडात अर्धी मराठी आणि अर्धी कन्नड. वडिलांच्या मनात मला गल्ल्यावर बसवायचं होतं. पण गिऱ्हाईकाचं पडलेलं तोंड बघितलं की मी भाव कमी करायचो. शेवटी त्यांनीच हात जोडले आणि मला परभणीला शिकायला पाठवून दिलं. दुकान वाचलं.

छावणी

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ आला. पाट्यांवरचा रंग ओला होता, खुर्च्या यायच्या होत्या, कुठलं सामान कुणी द्यायचं याचा घोळ चालू होता. वाटणी झालेल्या घरात पाटा एकाकडे आणि वरवंटा दुसऱ्याकडे जातो, तसं काहीसं. माणसं मात्र नव्या जिल्ह्याच्या आनंदात होती. आम्हीही होतो.

माझी नेमणूक निलंग्याकडच्या एका गुरांच्या छावणीवर झाली. माळावर बांबूचे मांडव, खाली गाई, म्हशी, बैल, आणि प्रत्येक दावणीशेजारी जनावराच्या धन्याचं बिऱ्हाड. चाऱ्याला उसाचं वाढं यायचं, पाण्याचा टँकर यायचा. टँकर आला की माणसांआधी जनावरं माना वर करायची.

मी रडायचो. हे आधीच सांगून टाकतो. एखादा बैल बसला आणि उठलाच नाही, की त्याचा धनी डोक्याला हात लावून बसायचा आणि मी त्याच्या शेजारी. माझे डोळे त्याच्याआधी भरायचे. छावणीवरची पोरं मला मागून "रडका डॉक्टर" म्हणायची. माझे वरिष्ठ, त्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणायचो, मनाने चांगले पण एकदम कोरडे. म्हणायचे, "डॉक्टर, तुमचं काम सुई टोचायचं. डोळे टिपायला सरकारनं वेगळा माणूस नेमलेला नाही."

पण एक होतं. माझ्याजवळ लोक बोलायचे. कुणाच्या गाईनं चारा सोडला, कुणाच्या सुनेनं जेवण सोडलं, दोन्ही मलाच कळायचं. औषधाइतकंच ते मला कामाला यायचं, फक्त तेव्हा मी त्याला काम समजत नव्हतो.

ताप

उन्हाळा लागला आणि मला ताप यायला लागला. सकाळी ठणठणीत, दिवस कलला की अंगात शिरशिरी, मग फणफणणं, आणि पहाटे अंगातला सदरा पिळून वाळत घालावा इतका घाम. कंबर अशी धरायची की म्हशीपाशी वाकलो तर म्हशीलाच धरून उठावं लागायचं. काही दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

एका डॉक्टरांनी हिवताप म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी टायफॉईड म्हणून दूध-भातावर ठेवलं. तिसऱ्यांनी नाडी धरली, मी काय काम करतो ते विचारलं, छावणीचं वर्णन ऐकलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. "तुम्हाला काही झालेलं नाही. मन घट्ट करा," म्हणाले.

मग हे सगळ्यांच्या तोंडी झालं. साहेब म्हणाले, मनाला लावून घेता म्हणून ताप येतो. उदगीरहून आई, आमची अव्वा, आली, माझ्या कपाळावर विभूती लावून म्हणाली, "बसू, यप्पा, तू लहानपणापासून असाच. शेजाऱ्यांकडं कोंबडी कापली तरी ते बघून ताप यायचा तुला." साहेबांनी मला छावणीवरून काढून कचेरीत बसवायचं ठरवलं. त्यांच्या दृष्टीने ती दयाच होती.

सगळ्यात वाईट म्हणजे मलाही ते पटायला लागलं. कारण त्या दिवसांत मन खरंच खचलं होतं. रेडिओवर साधं गाणं लागलं तरी रडू यायचं. मी विचार केला, आपला स्वभाव हाच आपला रोग. तो काढून टाकला तर नोकरी राहील, तब्येतही राहील. आणि मी घट्ट व्हायला लागलो. दावणीला जायचं, सुई टोचायची, पुढं जायचं. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, कोण कसं आहे विचारायचं नाही. लोकही मग कामापुरतं बोलायला लागले. छावणीतलं मला काहीच कळेनासं झालं, आणि ताप होता तिथंच होता.

एके दिवशी एका बैलाला बाटलीनं औषध पाजताना मी चक्कर येऊन पडलो. बैल बिचारा हलला नाही, म्हणून आज हे लिहायला आहे.

नांदेडचा दवाखाना

माझी सासुरवाडी मुदखेड. सासरे रेल्वेत. माझी बायको सुमन आमच्या तान्ह्या मुलीला घेऊन तेव्हा माहेरीच होती. सासऱ्यांनी मला उचलून नांदेडला मोठ्या दवाखान्यात भरती केलं.

दवाखान्यातला दिवस ज्यानं काढला त्याला वेगळं सांगायला नको. पहाटे झाडूचा आवाज, मग थर्मामीटर, मग सिस्टरांचं "अंघोळ झाली का, चादर झटकली का". पाणी तिथंही मोजूनच. नातेवाइकांच्या रांगा पिंपापाशी. सुमन दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवून यायची आणि ओंजळभर प्रसाद माझ्यासाठी आणायची. कुणी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, पोटभर वाढलं, हे ती रोज नव्यानं सांगायची. त्या दिवसांत आम्हाला त्या गरम प्रसादाचा फार आधार वाटला.

भीती होती ती कमरेची. मणक्याचा क्षय असावा, असं वॉर्डाचे डॉक्टर एकमेकांत बोलताना मी ऐकलं. ते तरुण होते, मन लावून बघणारे होते, पण त्यांच्या तपासण्यांत काही निघत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. आपण या खाटेवरून उठणार नाही असं वाटायचं, आणि मुलगी अजून बसायलाही शिकलेली नव्हती.

सुमनचाही एक दिवस बांध फुटला. "अहो, ढोरांसाठी रडता, त्यांच्या मालकांसाठी रडता. आमच्यासाठी तुमच्यात काय उरतं?" सासरे म्हणाले, "जावईबापू, कामून जीव देऊन राहिले त्या छावणीमागं? साहेब खुर्ची देऊन राहिले तर घ्या ना." मी हो म्हणालो. कचेरीत बसायला तयार आहे असं साहेबांना कळवा, असंही सांगितलं.

कोंडामावशी

दोन-तीन दिवसांनी छावणीवरून कोंडामावशी भेटायला आली. साठीची बाई, एकटी, तिची एक म्हैस आमच्या छावणीत होती. एसटीनं लातूरहून नांदेडपर्यंत आली होती, पदरात चार लिंबं बांधून. त्या दुष्काळात लिंबं कुठून पैदा केली, देव जाणे.

ती खूप हसून बोलत होती. छावणीत कुणाचं लग्न जमलं, कुणाचा बैल टँकरच्या मागे पळाला. मी ऐकत होतो, आणि घट्ट व्हायचं ठरवूनही माझं लक्ष तिच्या हसण्यावरून सरकलं. स्टुलावर बसताना तिनं कमरेला हात लावला होता. बोलता बोलता ती सारखी खिडकीकडे बघत होती, ऊन किती उतरलं ते. संध्याकाळची भीती असणारा माणूस मला ओळखू येत होता. मी स्वतः तसाच होतो.

मी तिला म्हशीबद्दल विचारलं नाही. म्हटलं, "मावशी, दिवस मावळला की तुला कसं वाटतं गं?"

तिचं हसू गेलं. पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. "डाक्टर, लई वंगाळ वाटतंय. अंग तापतंय, मग पानी पानी व्हतंय. कंबर मोडल्यावानी. कुनाला सांगू? म्हातारीला कोन इचारतंय."

"कधीपासून?"

"म्हस येल्यापासून." मग अगदी हळू, "येली न्हाई डाक्टर. गाभडली. दिस भरायच्या आदी. म्या खोटं सांगितलं तुमाला."

ती म्हैस मला चांगली आठवत होती. मावशीनं तेव्हा, मला ताप सुरू व्हायच्या थोडं आधी, सांगितलं होतं की दिवस भरून रेडकू झालं पण मेलेलं झालं. त्या म्हशीची जार, म्हणजे वार, अडकली होती आणि ती मी हातानं काढली होती. हातमोजे छावणीवर पोचायचे होते आणि म्हैस थांबणार नव्हती. मावशीनं ती जार पोत्यात बांधून वडाला टांगली, म्हशीचं दूध वाढावं म्हणून, जशी आपल्याकडे सगळेच टांगतात. आणि मी तिथंच उभ्या उभ्या शेजारच्या दावणीवरच्या माणसानं काढून दिलेलं धारोष्ण दूध प्यायलो होतो, कारण त्याला नको म्हटलं असतं तर त्याचा चेहरा उतरला असता.

"खोटं का सांगितलंस मावशी?"

"गाभडलेली म्हस हाय म्हनलं तर छावनीतून काढत्याल. मग काय घालू तिला? लेकरावानी हाय ती."

जनावरं गाभडतात, जार अडकते आणि त्यांना हात लावणाऱ्या माणसांना असा चढता-उतरता ताप येतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो. माणसांच्या डॉक्टरांना त्याची आठवण होण्याचं कारण नव्हतं, कारण म्हैस गाभडली हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही नव्हतं.

निदान

मी वॉर्डाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि हसले, पण कौतुकानं. "ही तपासणी आपल्याकडे होत नाही. कुठं होते?"

"परभणीला. जनावरांच्या कॉलेजात."

सुमन म्हणाली, "अहो, माणसाचं रक्त ढोरांच्या कॉलेजात?" पण सासरे कामाला लागले. रेल्वेचा माणूस. माझ्या रक्ताची नळी थर्मासात बर्फ घालून त्यांनी मांडीवर घेतली आणि परभणीची गाडी पकडली. माझा वर्गमित्र तिथं शिकवायला होता, त्यानं हातातलं काम टाकून तपासणी केली.

सासरे परतले ते वॉर्डाच्या दारातूनच ओरडत. "जावईबापू, तुमाला म्हशीचा रोग हाय!" सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मी खाटेवर उठून बसलो. आपल्याला एवढा मोठा रोग झालाय हे ऐकून इतका आनंद झालेला पेशंट त्या दवाखान्यानं बघितला नसेल. कमरेत क्षय नव्हता, डोक्यात वेड नव्हतं. माझ्या स्वभावानं मला ताप आणलेला नव्हता. एका जंतूनं आणला होता.

सुमननं मुलीला कडेवर घेतलं. मग म्हणाली, "त्या मावशीच्या तोंडाकडं दुसऱ्या कुणी बघितलंच नसतं. सगळ्यांनी लिंबं बघितली असती." एवढं बोलून ती मुलीला घेऊन बाहेर गेली. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. स्वतःचा. आयुष्यात पहिल्यांदा.

उपचार लांबलचक होता. रोज इंजेक्शन, वर कॅप्सूल, आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही. ज्यांना हा ताप आहे त्यांना एवढंच सांगतो, की घाम थांबला म्हणजे रोग गेला असं समजू नका. आणि दूध उकळून प्या, देणाऱ्याचा चेहरा उतरला तरी चालेल.

पुन्हा माळावर

पण माझं डोकं छावणीत होतं. मावशीला ताप होता तर आणखी कुणाकुणाला असेल? मी साहेबांना निरोप धाडला. त्यांनी छावणीत लगेच दवंडी दिली, ज्यांची जनावरं गाभडली त्यांनी कळवा, ज्यांना ताप येतो त्यांनी दवाखान्यात जा. एकही माणूस पुढं आला नाही.

साहेब स्वतः नांदेडला आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडलेला होता. "डॉक्टर, कुणी तोंड उघडत नाही. मी विचारलं, धमकावलं. सगळे म्हणतात आमचं सगळं बरं आहे."

"साहेब, गाभडलेलं जनावर छावणीतून काढणार का?"

"वेगळं करावं लागेल."

"वेगळं करा. वेगळा मांडव घाला, पण चारा-पाणी तोडू नका. तेवढा शब्द द्या, मी येतो बोलायला."

असा शब्द देणं साहेबांच्या नोकरीला जड जाणार होतं. तरी म्हणाले, "दिला." सुमन अडवेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या पिशवीत कॅप्सूल, उकळलेलं पाणी आणि दोन सदरे भरले. "घाम आला की बदला," एवढंच म्हणाली.

जीपनं छावणीवर पोचलो तेव्हा लोक जमले, माझी दशा बघून हळहळले. मी मांडवाखाली जमिनीवरच बसलो. आधी साहेबांचा शब्द सांगितला, कुणाचाही चारा तुटणार नाही म्हणून. साहेबांनी सगळ्यांसमोर मान डोलावली. तरी कुणी बोलेना. मग मी माझं सांगायला लागलो. ताप कसा चढतो, घाम कसा फुटतो, दिवस मावळला की मरून जावं असं कसं वाटतं. आणि पुरुषाला जिथं सूज आली तर तो बायकोलाही सांगत नाही, तिथं मला सूज आली होती, तेही सांगितलं. बायकांनी तोंडं फिरवली. दोन-तीन बाप्यांनी माना खाली घातल्या. त्या माना मी बघून ठेवल्या.

बोलता बोलता, एवढ्या लोकांसमोर, साहेबांसमोर, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पूर्वी मी अशा वेळी उठून टँकरमागे गेलो असतो. त्या दिवशी गेलो नाही. तसाच बसून राहिलो.

समोर नामदेवराव बसले होते, वयानं मोठे, पीळदार मिशा, छावणीत त्यांच्या शब्दाला वजन. ते म्हणाले, "रडा डाक्टर. आमी हाव की बसलेले. काई घाई न्हाई."

आणि खरंच सगळे थांबले. कुणी हसलं नाही. मी डोळे पुसले तेव्हा नामदेवरावांनीच तोंड उघडलं. "मला बी हाय ती तकलीफ. तुमी सांगितली ती. आन् मव्ह्या दोन गाई गाभडल्या."

मग एकेक जण सुरू झाला. कुणाची गाय, कुणाची म्हैस, कुणाचा ताप, कुणाच्या बायकोचा. साहेब माझ्या शेजारी कधी येऊन बसले मला कळलंच नाही. चांगली इस्त्रीची पँट घालून मातीत बसले होते, आणि लोक सांगत होते तसतसं लिहून घेत होते.

जीपमध्ये बसताना ते म्हणाले, "कचेरीतलं टेबल मी दुसऱ्या कुणाला देतो. पुढच्या छावण्यांवरही तुम्हालाच बोलावं लागणार आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "हे तुम्हाला जमतं कसं हो?"

"जमवत नाही साहेब. होतं."

पुढच्या आठवड्यात ताप असणारे सगळे लातूरच्या दवाखान्यात गेले. ओळख असावी म्हणून मीही बरोबर होतो, बाहेरच्या बाकड्यावर सुमननं दिलेली चादर पांघरून. दार उघडंच होतं. आतले डॉक्टर एवढे लोक बघून चक्रावले. सगळ्यांना एकच रोग, सगळे आपणहून आलेले, आणि पुरुषसुद्धा न लाजता सांगतायत.

"तुम्हाला पाठवलं कुणी?" त्यांनी कोंडामावशीला विचारलं.

"आमच्या डाक्टरनं."

"कोणते डॉक्टर? कुठल्या दवाखान्यातले?"

"ढोराचे हायती," मावशी म्हणाली. "पर मानसाचं लई कळतंय त्येंना."